कलाकाराची पॉडकास्ट मुलाखत: स्टुडिओत की ऑनलाइन?

नट समोर बसला की गप्पा रंगतात. कुठे थांबायचं, कुठे पुढचा प्रश्न टाकायचा, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. अडचण एकच: टेबलावरच्या दोन माइकमध्ये एकमेकांचा आवाज शिरतो. म्हणून डायनॅमिक माइक (जवळचा आवाज नीट पकडणारा, दूरचा कमी घेणारा) घ्या, तोंडापासून चार बोटांवर ठेवा आणि रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची कमाल पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास राखा.

गोरेगावच्या चित्रनगरीत मालिकेच्या चित्रीकरणात अडकलेल्या अभिनेत्रीसाठी मात्र ऑनलाइनच सोयीचं. तिथे कॉलचा आवाज साठवून भागत नाही, नेट डळमळलं की शब्द गळतात. दोघांनी आपापल्या यंत्रावर 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी WAV फाइल, रेकॉर्ड करावी. दोन्ही फाइली नंतर जुळवता याव्यात म्हणून सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवावी. तासाभरात दोन फाइली किंचित पुढेमागे सरकतात, ते शेवटच्या टाळीवरून पकडता येतं. हेडफोन हवेतच, नाहीतर तुमचा आवाज तिच्या माइकमधून परत येतो. नेहमीचा घोटाळा म्हणजे बाहेरचा माइक जोडलेला, पण निवडलेला लॅपटॉपचाच. बाहेरच्या माइकची जाळी नखाने हलकेच खाजवा; खरखर मोठ्याने ऐकू आली, तर तोच निवडलेला आहे.

नव्या चित्रपटाच्या प्रसिद्धीची 15 मिनिटं ऑनलाइन चालतील. कारकिर्दीवरच्या दीड तासाच्या गप्पांसाठी तारीख पुढे ढकला, पण स्टुडिओतच बसा.