गुहा-अस्वल काय खात होते: दाढेवरचे ओरखडे वाचावेत की हाडातला नायट्रोजन?

नामशेष झालेल्या गुहा-अस्वलाच्या आहारावर प्रबंध लिहू पाहणाऱ्याला आज ना उद्या ठरवावे लागते, की दाढेवरची सूक्ष्म झीज, म्हणजे खाताना पडलेले बारीक ओरखडे, वाचायची की हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनातली समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके आणि जड अणू, मोजायची. मांस खाणाऱ्याच्या हाडात जड नायट्रोजनचे प्रमाण चढे असते. मी दोन्ही करून पाहिले आहे.

बेल्जियममधल्या गोये गुहेचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये तिथल्या दाढांच्या झिजेवरून ही अस्वले शीतनिद्रेपूर्वीच्या काळात मिश्राहारी असल्याचा निष्कर्ष निघाला. २०१६ मध्ये त्याच गुहेतल्या अस्वलांच्या अमिनो आम्लांमधला नायट्रोजन तपासला, तेव्हा ती शाकाहारी ठरली. हा विरोध वाटतो तेवढा खरा नसावा, कारण झीज अखेरच्या काही दिवसांचे वा आठवड्यांचे खाणे सांगते, तर कोलॅजेन काही वर्षांची गोळाबेरीज करते.

झिजेची बाजू लंगडी नाही. सिलिकोनचा साचा घेतला की मूळ दाढेला धक्का लागत नाही, आणि खाण्याची रीतही कळते: लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या डांबरात सापडलेले आखूड तोंडाचे अस्वल हाडे फोडून खाण्यावर जगत नसावे, हे २०१३ मध्ये झिजेनेच दाखवले. मांस खाल्ले की हाडही चावले, हा भेद नायट्रोजनला करता येत नाही.

माझे मन मात्र एका दाढेने फिरवले. सूक्ष्मदर्शकाखाली एका ठरावीक चौकोनात मी सोमवारी ३१ ओरखडे मोजले. गुरुवारी जुनी वही न उघडता तोच चौकोन पुन्हा मोजला, तर २४ भरले. दिव्याचा कोन जरासा हलला होता, एवढेच. त्यांतले काही ओरखडे कोणे एके काळी माती झाडणाऱ्या ब्रशचे असतील, ही शंका वेगळीच.

समस्थानिकांनीही मला त्रास दिला आहे. हाडाला ड्रिल लावावे लागते, कधी त्यात कोलॅजेनच उरलेले नसते, आणि दूध पिणाऱ्या पिल्लाचा नायट्रोजन मांसाहारी प्राण्यासारखा चढा दिसतो, म्हणून पूर्ण वाढलेल्या अस्वलाचेच हाड निवडावे लागते. तरीही एकाच भुकटीचे दोन भाग करून पाठवले, तेव्हा आकडे जवळजवळ तेच परत आले, आणि मला तेवढे पुरले.

कन्फोकल सूक्ष्मदर्शक हाताशी असेल, तर पृष्ठभागाचा पोत यंत्रच मोजते आणि माझी तक्रार बरीचशी गळून पडते. तो नसेल, तर मी आपल्या जागी असतो तर हाडाला ड्रिल लावण्याच्या परवानगीचा अर्ज आजच लिहायला घेतला असता. त्याला महिने लागतात.