अंकुर अरोरा मर्डर केस : पहिला अर्धा भाग तरी बघाच

2013 चा पिक्चर आहे हा, सुहैल ततारीचा, विक्रम भट्टने लिहिलेला, थिएटरला कधी आला नि कधी गेला कळलंच नाही. पण के के मेनन असला की मी काहीही बघते, म्हणून लावला.

स्टोरी साधीच आहे. शाळकरी पोरगं, पोट दुखतंय म्हणून आई दवाखान्यात नेते, अपेंडिक्स निघतं, ऑपरेशन ठरतं. पोराने आधी बिस्किटं खाल्लेली असतात, इंटर्न रोमेश ते मोठ्या डॉक्टरच्या कानावर घालतो, तो म्हणतो पोट रिकामं करून घेऊ, आणि विसरतो. बस एवढंच! भूल दिल्यावर ठसका-खोकला काही येत नाही, त्यामुळे पोटातलं वर आलं की थेट फुप्फुसात उतरतं, म्हणून तर सिस्टर दहादा विचारतात काही खाल्लं का, आणि आपल्याकडे कुणीतरी आजी "एका बिस्किटाने काय होतंय" म्हणून हळूच पोराच्या हातात ठेवतेच.

हे सगळं इतकं खरं वाटतं की अंगावर येतं. टिस्का चोप्रा आई झालीय, ती डॉक्टरवर किती बिनधास्त भरवसा टाकते तेच बघवत नाही. के के चा तो मोठा डॉक्टर अस्थाना तर काय बोलायचं, नुसता चालत आला तरी कळतं याला आजवर कुणी "सर, तुमचं चुकलं" म्हणालेलं नाही.

मग कोर्ट सुरू होतं आणि माझा थोडा मूड गेला. विसरलेला माणूस जास्त भीतीदायक होता हो, त्याचा फुल व्हिलन कशाला केला? त्यात रोमेश-रियाचं प्रेमप्रकरण. आणि नावात मर्डर असलं तरी असल्या केसला तेव्हा 304अ (निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम) लागायचं, जास्तीत जास्त 2 वर्षं, तेही सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या निकालानंतर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून बरेच लोक ग्राहक कोर्टातच जातात. हा पिक्चर आला त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने कोलकात्याच्या एका केसमध्ये जवळपास 6 कोटींची भरपाई दिली, पण त्यातली पेशंट बाई गेली होती 1998 ला! पिक्चरमध्ये सगळं भराभर उरकतं.

तरी बघा. प्रेमाचे सीन पुढे ढकला, आणि घरात कुणाचं ऑपरेशन तोंडावर असेल तर मात्र आत्ता नको.