ओडीबीसी ड्रायव्हर १८: कडक आहे, पण बसवून घ्याच

भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांत मांडणी साधारण एकच असते. स्टोअरच्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस हा मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस, हिशेबाच्या टेबलावर एक्सेल, आणि मध्ये दोघांना जोडणारा, विंडोजबरोबर आयता आलेला ‘एसक्यूएल सर्व्हर’ नावाचा जुना ओडीबीसी ड्रायव्हर. चालतंय म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. पण डेट आणि डेटटाइम२ हे तारखेचे प्रकार त्याला ओळखू येत नाहीत, त्या तारखा तो साधा मजकूर म्हणून पाठवतो. मग पिव्होटमध्ये महिन्यावार गट पडत नाहीत, आणि मार्चअखेरीला कुणीतरी बसून कॉलम हाताने दुरुस्त करतं. एवढ्या एका कारणासाठीही मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ घ्यावा. फुकट आहे, आणि आधीचा १७ न काढता त्याच्या शेजारी बसतो.

बसवायला ॲडमिन हक्क लागतात, बाकी दोन-चार क्लिकचं काम. ६४ बिटचा इन्स्टॉलर ६४ आणि ३२ बिटचे दोन्ही ड्रायव्हर टाकतो. घोळ होतो तो सिस्टीम डीएसएन, म्हणजे जोडणीची साठवून ठेवलेली नोंद, बनवताना. एक्सेल ३२ बिटचं असेल आणि डीएसएन ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटरच्या ६४ बिटच्या खिडकीत बनवला, तर ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ येतं. एक्सेलमध्ये अकाउंट, अबाउट उघडून बिट आधी बघा. ३२ बिटची खिडकी सिसवॉव६४ फोल्डरमध्ये आहे आणि ६४ बिटची सिस्टीम३२ मध्ये. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे.

खरी अडचण पहिल्या जोडणीला. २०२२ साली आलेल्या १८ पासून एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्रही, तपासलं जातं. एक्स्प्रेसने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट ड्रायव्हर मानत नाही. ‘विश्वासार्ह नसलेल्या संस्थेचं सर्टिफिकेट’ अशा अर्थाची एरर येते. पासवर्ड बदलत बसू नका, त्याचा इथे काही संबंध नाही. जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट’ला ‘येस’ केलं की जोडणी होते: डेटा एन्क्रिप्ट होऊनच जातो, फक्त समोरचा सर्व्हर आपलाच आहे याची खात्री राहत नाही. एका खोलीतल्या दोन मशीनना हे चालेल. इंटरनेटवरून दुसऱ्या शाखेत जोडत असाल तर नीट सर्टिफिकेट बसवा आणि आयपीऐवजी त्यावरचंच नाव सर्व्हर म्हणून द्या. आयपीच द्यायचा असेल तर ‘होस्टनेमइनसर्टिफिकेट’मध्ये ते नाव लिहा. ड्रायव्हरचा हा कडकपणा आम्हाला पटतो.

दुसऱ्या मशीनवरून सर्व्हर सापडतच नसेल तर दोष ड्रायव्हरचा नाही. एक्स्प्रेसमध्ये टीसीपी-आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडायची सोय, मुळात बंद असतं. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ते चालू करा, ‘आयपीऑल’खाली डायनॅमिक पोर्टचा रकाना रिकामा करून टीसीपी पोर्ट १४३३ टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा, फायरवॉलमध्ये तोच पोर्ट उघडा. जोडताना सर्व्हर आणि पोर्ट यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यायचा. सवयीने अपूर्णविराम पडतो आणि अर्धा तास जातो.

पायथनवाल्यांनी पायओडीबीसी ही लायब्ररी टाकल्यावर आधी ‘ड्रायव्हर्स’ फंक्शन चालवून यादी छापावी आणि नाव तिथूनच उचलून महिरपी कंसात टाकावं. एक स्पेस चुकली तरी ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’. पासवर्डमध्ये अर्धविराम असेल तर त्यालाही महिरपी कंस, नाहीतर जोडणीची ओळ तिथेच तुटते. हजारो ओळी भरायच्या असतील तर कर्सरवर ‘फास्ट एक्झिक्यूटमेनी’ चालू करा, फरक लगेच दिसतो.

मराठी नावं साठवणाऱ्यांनी मात्र ड्रायव्हरवर विसंबू नये. कॉलम ‘एनव्हारकॅर’ या युनिकोड प्रकाराचाच हवा, आणि क्वेरीत मजकूर थेट लिहिणार असाल तर अवतरणाच्या आधी कॅपिटल ‘एन’ हवा. तो विसरला की ‘ज्ञानेश्वर’च्या जागी टेबलात नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, एररसुद्धा येत नाही. मूल्य पॅरामीटरने पाठवलं तर पायओडीबीसी ते युनिकोडमध्येच नेतं. म्हणून नवा ड्रायव्हर बसवला की पहिली चाचणी जोडाक्षरं असलेल्या एका मराठी नावाचीच घ्या: टाका, परत वाचा, अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकदा पडलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत मिळत नाही. रजिस्टर उघडून ते पुन्हा टाइप करावं लागतं.