मार्चमधल्या बर्फवाटांवर पायात काय: स्नोशू की मायक्रोस्पाइक्स?

बॉस्टन-न्यू जर्सीकडची मराठी ट्रेकर मंडळी मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्सला निघाली की आधी विचारतात, बर्फ किती फूट आहे? त्यापेक्षा आदल्या रात्री पारा शून्याखाली गेला होता का, ते बघा. हिवाळा सरताना बर्फ दिवसा उन्हानं पाघळतो आणि रात्री गोठून टणक होतो. म्हणून सकाळी सातला जी वाट स्पाइक्सवर मजेत चढता येते, तीच दुपारी एकला स्नोशू, म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद, पसरट चौकट, मागते. रात्रभर गोठलंच नसेल, तर सकाळीसुद्धा.

मायक्रोस्पाइक्स म्हणजे बुटावर ताणून चढवायचा रबरी पट्टा आणि तळाशी साखळ्यांना जोडलेले सेंटिमीटरभर लांबीचे पोलादी दात. जोडीचं वजन अर्ध्या किलोच्या आत, सॅकच्या कोपऱ्यात मावते. माउंट पिअर्सकडे नेणारी क्रॉफर्ड पाथ ही 1819 सालची वाट घ्या. तिथे वर्दळ इतकी की बर्फ तुडवून घट्ट झालेला असतो, आणि थंड सकाळी स्पाइक्स पुरतात. शिवाय मार्चमध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंचा बर्फ खचून मधोमध दाबलेल्या बर्फाचा अरुंद उंचवटा उरतो. तिथले ट्रेकर त्याला 'मोनोरेल' म्हणतात. त्यावरून स्नोशूवर जाणं म्हणजे पायाला सुपं बांधून शेताच्या बांधावरून चालणं.

ऊन वर आलं की मात्र स्पाइक्सचं काही चालत नाही. ओला बर्फ साखळ्यांत अडकून तळाला गोळे धरतात, पकड जाते, आणि मग एखादं पाऊल थेट मांडीपर्यंत रुततं. हे दहा वेळा झालं की गुडघे बोलू लागतात. रुतलेल्या पायांचे खड्डे रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशीच्या लोकांचे पाय मुरगळतात. वाट खराब करणाऱ्यावर तिथले लोक चिडतात, आणि मला विचाराल तर बरोबरच चिडतात.

स्नोशू वजन पसरवतो, म्हणून पाय वर राहतो. डोंगरासाठी घेताना दोन गोष्टी बघा: टाचेखाली उभी करता येणारी दांडी, म्हणजे खड्या चढावर पोटऱ्या वाचतात, आणि कडेनं दात असलेली चौकट. गोल नळीची चौकट आडव्या उतारावर घसरते. वसंताकडे झुकलेला बर्फ जड असतो, त्यामुळे फार लांब स्नोशू लागत नाहीत. बहुतेकांना 22 किंवा 25 इंच पुरतात. लांबी ठरवताना सॅकचं वजनही धरा.

एक धोका मात्र स्नोशूनंही पूर्ण टळत नाही. वृक्षरेषेजवळ, म्हणजे ज्या उंचीवर झाडं संपतात तिथे, बुटकी स्प्रूस झाडं बर्फाखाली गाडलेली असतात आणि त्यांच्या फांद्यांभोवती पोकळी राहते. वाट सोडली की माणूस कमरेपर्यंत आत जातो, आणि स्नोशू फांद्यांत अडकला तर बाहेर निघणं आणखी कठीण.

न्यूयॉर्कच्या ॲडिरॉन्डॅक्समध्ये, हाय पीक्सच्या भागात जाणार असाल तर निवडीचा प्रश्नच नाही. तिथे 8 इंच किंवा जास्त बर्फ असेल तर स्नोशू किंवा स्की घालणं नियमानं बंधनकारक आहे.

एकच काही विकत घ्यायचं असेल तर मी स्पाइक्स घेईन. स्नोशूच्या तुलनेत ते बरेच स्वस्त पडतात आणि गावातल्या गोठलेल्या फुटपाथवरही वापरता येतात. स्नोशू भाड्यानं मिळतात. ते सॅकला बाहेरून बांधून न्या आणि पाय पहिल्यांदा घोट्याच्या वर रुतला की तिथेच चढवा. 'अजून थोडं पुढे बघू' करत बसू नका. ॲडिरॉन्डॅक्सला वरचेवर जाणाऱ्यांनी मात्र सरळ स्नोशूच विकत घ्यावेत.

माउंट वॉशिंग्टनच्या टकरमन रव्हीनसारख्या खड्या, हिमस्खलनाच्या जागी या दोन्हींच्या भरवशावर जाऊ नका. तिथे क्रॅम्पॉन्स (बुटाला घट्ट बसणारे, लांब दातांचे सांगाडे), आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि ती वापरण्याचं शिक्षण लागतं, आणि निघण्याआधी त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचावा लागतो.