जुना एचओ लेआउट, नवी वायरिंग: आठ महिन्यांनंतर

लहानपणी कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जे खूळ लागलं, ते चाळिशीत महागात पडलं. आठ बाय चारच्या प्लायवर मांडलेली छोटी रेल्वे, म्हणजे जुना एचओ लेआउट (प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) १८ हजारांना घेतला. 'सगळं चालू आहे' म्हणत विकणाऱ्यांनी समोर इंजिनाची एक फेरी मारून दाखवली. फेरी फक्त आतल्या छोट्या वर्तुळावर होती, हे घरी आणल्यावर ध्यानात आलं.

बाहेरच्या मार्गावर गाडी कंट्रोलरजवळ (रुळांना वीज तिथून मिळते) राजधानी आणि पलीकडच्या कोपऱ्यात बैलगाडी. रूळ मळलेत असं समजून दोन रविवार घासत बसलो, तेही पॉलिश पेपरने. तसं करू नका, ओरखड्यांत मळ आणखी लवकर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरतं. पण दुखणं वेगळंच होतं. नुसतं मीटर लावलं की कोपऱ्यातही १२ व्होल्ट. इंजिन धावताना मोजलं तर जेमतेम ८! अख्ख्या मार्गाला वीज एकाच जागी दिलेली, पुढे ती जायची रुळांच्या काळ्या पडलेल्या, सैल जोडपट्ट्यांतून.

जुन्या वायरी सगळ्या उपसल्या. सगळ्या पिवळ्या, आधीच्या मालकांना बहुधा तोंडपाठ असाव्यात. प्लायखालून घरगुती वायरिंगच्या दीड चौरस मिमीच्या दोन वायरी फिरवल्या, एक लाल, एक काळी, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांतून बारीक वायर दिली. सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला करा, आतून केलं तर चाकाची कड आपटते. २५ वॅटचं आयर्न रूळ तापेपर्यंत प्लॅस्टिकचे स्लीपर वितळवतं, ६० वॅटचं दोन-तीन सेकंदांत मोकळं होतं. ही अक्कल चार स्लीपर गेल्यावर आली.

एका टोकाचा वळसा मात्र ठार बंद. खाली वाकून पाहिलं तर वायर मुद्दाम कापून टोकाला टेप गुंडाळलेली. वळसा घेऊन गाडी त्याच मार्गावर परत येते, तिथे डावा रूळ उजव्याला भिडून शॉर्ट होतो. आधीच्या मालकांनी वळसाच बंद करून टाकला होता. मी वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापले आणि मधल्या भागाला विजेची दिशा उलटसुलट करणारा सहा पिनांचा स्विच दिला. गाडी वळशात असताना मुख्य मार्गाच्या विजेची दिशा बदलायची, बस्स. पहिल्यांदा गाडी न थांबता परतली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. बायकोला उठवून दाखवलं, हे चुकलंच.

सांध्यांच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांच्या, सहापैकी दोन मोटरी जळालेल्या, कारण त्यांना साधे दिव्याचे स्विच लावलेले. या मोटरींतल्या कॉइलला क्षणभरच वीज हवी. आता पुशबटणं आणि साठवलेली वीज एका झटक्यात देणारं कपॅसिटरचं युनिट आहे, त्यामुळे बटण दाबून धरलं तरी कॉइल तापत नाही.

दुरुस्तीला साडेचार हजार गेले. कागदी घरं कसरीने खाल्ली आहेत, ती तशीच. आठ महिन्यांत वायरिंगने एकदाही दगा दिला नाही, पावसाळ्यातही. जळालेल्यांपैकी एका मोटरीला जोड मिळाली नाही, तो सांधा बोटाने ढकलावा लागतो. ती नोकरी मुलीने घेतली आहे, मला हात लावू देत नाही.