टॅबलेटवरील क्रिता: डेस्कटॉपवरचे सारे आले, कीबोर्ड तेवढा मागे राहिला

क्रिता हे चित्रकलेचे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्स आणि विंडोजवर काम करणाऱ्या चित्रकारांना नवे नाही. स्वीडिश भाषेत ‘क्रिता’ म्हणजे खडू. आपल्या कानाला त्यात ‘कृत’ ऐकू येते आणि नाव देणाऱ्यांच्या मनात महाभारतातला ‘परिपूर्ण’ या अर्थाचा तो शब्दही होता. मे २०२० मध्ये त्याची अँड्रॉइड टॅबलेट आणि क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप) यांसाठीची आवृत्ती प्ले स्टोअरवर आली. हे रूपांतर मुक्त सॉफ्टवेअरवर विद्यार्थ्यांकडून काम करून घेणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात २०१९ मध्ये एका विद्यार्थ्याने हाती घेतलेल्या कामातून उभे राहिले. प्ले स्टोअरवर ते विनामूल्य मिळते. विंडोजच्या स्टोअरवर मात्र त्याच सॉफ्टवेअरला पैसे पडतात, हे मला गमतीचे वाटते.

टॅबलेटवर क्रिता उघडल्यावर पहिला धक्का सुखद असतो. रंगकामाचे तेच ब्रश, एकावर एक रचलेल्या थरांची तीच यादी, थराचा भाग झाकणारे मास्क, ॲनिमेशनची टाइमलाइन, सारे काही जागच्या जागी असते आणि संगणकावर अर्धवट सोडलेली फाइल इथे उघडली तर तिचे थर शाबूत राहतात. डेस्कटॉपचे सॉफ्टवेअर टॅबलेटवर आणताना बहुतेक जण याच्या उलट वाट धरतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये फोटोशॉप आयपॅडवर आले तेव्हा त्याची पडद्यावरची मांडणी बोटांसाठी नव्याने घडवलेला होता. परंतु उजेड-अंधाराचा तोल साधणाऱ्या कर्व्ह्जसारखे रोजच्या वापरातले साधनही त्यात नव्हते, ते २०२० मध्ये आले. तिथे घर नवे बांधले आणि सामान हप्त्याहप्त्याने आणले. क्रिताने सामानासकट जुने घरच उचलून आणले.

खरी अडचण मात्र इथूनच सुरू होते. डेस्कटॉपवर क्रिता दोन हातांनी चालते: उजव्या हातात पेन आणि डावा हात कीबोर्डवर. कंट्रोल दाबून टेकवले की कॅनव्हासवरचा रंग उचलता येतो, शिफ्ट दाबून ओढले की ब्रश लहानमोठा होतो, ‘ई’ दाबले की तोच ब्रश खोडरबर बनतो आणि ‘एम’ दाबले की चित्र आरशातल्यासारखे उलटून दिसते. चित्रकाराचा वेग या सवयींतून येतो. टॅबलेटवर कीबोर्डच नसल्यामुळे डावा हात रिकामा राहतो आणि एरवी एका कळीचे काम असते तिथे बारीक चिन्हावर पेनाचे टोक नेमके टेकवावे लागते. माउसच्या बाणासाठी आखलेली ही चिन्हे बोटाला फारच लहान पडतात. ऑगस्ट २०२२ मधील ५.१ आवृत्तीत बोटांच्या खुणा आपल्या सोयीने ठरवण्याची सोय आली, त्यामुळे बराच दिलासा मिळतो. याशिवाय ‘टच डॉकर’ नावाचे पटल उघडले तर पूर्ववत करणे, ब्रशचा आकार, अपारदर्शकता अशा गोष्टींची मोठी बटणे मिळतात, मात्र ते पटल कॅनव्हासची जागा खाते. दहा-अकरा इंची पडद्यावर डावीउजवीकडची पटले मिटवल्याशिवाय चित्राला अंग पसरता येत नाही.

या मर्यादा निर्माते लपवत नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. क्रोमबुकवरील आवृत्ती कामासाठी सज्ज आणि अँड्रॉइडवरील आवृत्ती अद्याप बीटा, म्हणजे चाचणीच्या टप्प्यातली, असे ते स्वतःच सांगतात. मोठा पडदा लागतो म्हणून फोनसाठी ती दिलेलीच नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली जोडसाधने, म्हणजे प्लगइनही, अँड्रॉइडवर चालत नाहीत, त्यामुळे डेस्कटॉपवर ज्यांनी आपली कामाची साखळी त्यांवर उभारली आहे त्यांनी आधीच विचार करावा. तसेच मागे ठेवलेले ॲप मेमरी कमी पडली की बंद करून टाकणे हा अँड्रॉइडचा स्वभाव असल्याने, मोठ्या आकाराचे आणि पन्नास थरांचे चित्र उघडे ठेवून दुसरीकडे जाण्याआधी ते जतन करणे शहाणपणाचे ठरते.

आयपॅड वापरणाऱ्यांसाठी क्रिता उपलब्धच नाही. अडचण तंत्राची असते तशी परवान्याचीही असते: क्रिता जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येते, आणि त्या परवान्याचा ॲप स्टोअरच्या अटींशी कसा खटका उडतो हे व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या बाबतीत दिसले होते. जानेवारी २०११ मध्ये व्हीएलसी तिथून हटवले गेले आणि परवान्यात बदल केल्यावर २०१३ मध्ये परतले.

माझा सल्ला असा की, ज्यांच्याकडे दाब ओळखणारे पेन आणि किमान अकरा इंची अँड्रॉइड टॅबलेट आहे त्यांनी ते जरूर उतरवून घ्यावे, सेटिंगमध्ये जाऊन बोटाने रंगवणे आधी बंद करावे म्हणजे तळहाताचे ओरखडे उमटणार नाहीत, आणि हाताशी एखादा छोटा ब्लूटूथ कीबोर्ड ठेवावा. ज्यांना सोफ्यावर रेलून नुसत्या पेनाने रेखाटने करायची आहेत, त्यांनी बोटांसाठीच जन्मलेले एखादे साधे ॲप निवडावे.