भेगमापक पट्ट्या: तेरा महिने वापरल्यानंतर आणि घर विकून झाल्यावर

आईबाबांचं घर विकायचं ठरलं तेव्हा मागच्या कोपऱ्याचा पाया खचलेला होता. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघून विटांच्या सांध्यासांध्यांतून पायऱ्यांसारखी खाली जोत्यापर्यंत गेली होती. मागचं दार चौकटीला घासायचं. दादाचं म्हणणं होतं की भेगा पुट्टीने भरून रंग मारू आणि मोकळे होऊ. मला ते पटत नव्हतं. विकत घेणाऱ्याचं आयुष्यभराचं कर्ज त्या भिंतीवर उभं राहणार होतं. पण न लपवता घर विकायचं तरी कसं, हेही माहीत नव्हतं.

आम्ही बोलावलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरने भेग नीट पाहिली आणि विचारलं, "ही अजून चालू आहे की थांबलीय?" आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. त्यांनी भेगमापक पट्ट्या लावायला सांगितल्या. व्यवसायातले लोक त्यांना टेल-टेल किंवा क्रॅक गेज म्हणतात. मी तीन घेतल्या.

वस्तू अगदी साधी आहे. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे दोन तुकडे एकमेकांवर येतात. खालच्यावर मिलिमीटरच्या चौकटी छापलेल्या असतात, वरच्यावर लाल रंगाची फुली. एक तुकडा भेगेच्या या बाजूला चिकटवायचा, दुसरा त्या बाजूला. चिकटेपर्यंत फुली शून्यावर धरून ठेवायला बारीक खुंट्या असतात, त्या नंतर काढून टाकायच्या. भिंत हलली की फुली सरकते. पूर्वी भेगेवर काचेची पट्टी चिकटवायचे. काच तडकली की हालचाल झाली एवढं कळायचं, पण किती झाली आणि कुठल्या दिशेला झाली ते कळायचं नाही. फुली दोन्ही सांगते.

पहिली पट्टी मी रंगावरच चिकटवली आणि तीन आठवडे वाया गेले. आतला गिलावा पोकळ होता. पट्टी भिंतीबरोबर न हलता सुटलेल्या गिलाव्याबरोबर हलत होती. मग रंग आणि गिलावा खरवडून विटेपर्यंत गेले, धूळ झाडली आणि इपॉक्सीने पुन्हा बसवली, वर स्क्रूही मारले. तुम्ही लावणार असाल तर आधी भिंतीवर बोटाने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे लावू नका.

दुसरा धडा तापमानाचा. सुरुवातीला मी हाताला वेळ मिळेल तेव्हा आकडा घ्यायचे. दुपारी घेतलेला आकडा सकाळच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने वेगळा निघायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. इंजिनियरने हिशेब समजावला: काँक्रीट दर अंशाला साधारण 10 दशलक्षांश इतकं प्रसरण पावतं, म्हणजे 10 मीटर लांबी 10 अंशांनी तापली की 1 मिलिमीटर. ऊन लागणारी भिंत रोज थोडी श्वास घेतच असते. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, डोळा फुलीच्या बरोबर समोर धरून आकडा वाचायचा, फोटो काढायचा आणि वहीत तारीख, आकडा, त्या आठवड्यात पाऊस झाला की नाही हे लिहायचं, असा नेम ठेवला. तिरकं पाहिलं तर आकडा चुकतोच.

चौथ्या महिन्यापर्यंत खिडकीजवळची पट्टी 2 मिलिमीटर सरकली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फुली बाजूलाही गेली होती आणि खालीही. भिंत नुसती वाळून किंवा तापून तडकली असती तर भेग बहुतेक बाजूलाच उघडली असती. खाली सरकणं म्हणजे कोपरा उतरतोय. भेग वर रुंद आणि खाली अरुंद होती, म्हणजे कोपरा बाहेरच्या अंगाला झुकत होता. हे मी स्वतः वहीतून वाचू शकले, याचा मला आजही आनंद आहे.

कारण मात्र पट्टीने सांगितलं नाही, ते खणून शोधावं लागलं. मागच्या कोपऱ्यालगत ड्रेनेजच्या पाइपचा सांधा सुटला होता. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइपही तिथेच, जोत्याच्या मुळाशी, पाणी ओतत होता. गळक्या सांध्यातून झिरपणारं पाणी बारीक माती वाहून नेतं आणि पायाखाली पोकळी होते. त्यातून आमची जमीन चिकणमातीची, ओलीने फुगणारी आणि वाळली की आकसणारी. सांधा दुरुस्त केला, पावसाचा पाइप भिंतीपासून लांब नेला. सहाव्या महिन्यात आकडा 2.5 वर गेला आणि तिथेच घुटमळू लागला. कोरड्या दिवसांत अर्धा मिलिमीटर उघडायची, ओल आली की तेवढीच मिटायची. वर्षभर नोंदी ठेवायला सांगतात ते यासाठीच: ओला आणि कोरडा, दोन्ही हंगाम गेल्याशिवाय जमिनीचं फुगणं-आकसणं आणि पायाचं खचणं वेगळं ओळखता येत नाही.

पट्टी बसवली तेव्हा भेग 6 मिलिमीटर रुंद होती, शेवटी साडेआठच्या आसपास. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचा एक तक्ता इंजिनियर बरेचदा वापरतात. त्यात 5 मिलिमीटरपर्यंतचं नुकसान किरकोळ, 5 ते 15 मध्यम, 15 ते 25 गंभीर. आमची भेग मध्यम गटात बसत होती, दार अडकणं याच गटाचं लक्षण. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) जोत्याची रेषा मोजली तर 4 मीटरमध्ये 16 मिलिमीटर उतार, म्हणजे 250 ला 1. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड या ब्रिटिश अभियंत्यांनी 1956 मध्ये अनेक इमारतींच्या नोंदींवरून मांडलेली मर्यादा अशी की 300 ला 1 च्या आसपास भिंती तडकू लागतात आणि 150 ला 1 पासून सांगाड्याला धोका. आमचं घर या दोहोंच्या मध्ये होतं. (फरशीवर मोजू नका. फरशी बसवतानाच उताराची असू शकते. विटांचा थर किंवा जोत्याची कड जास्त भरवशाची.)

आता विक्रीबद्दल. पट्ट्या लावण्याआधी दोन कुटुंबं घर बघून गेली होती. दोघांनीही भेगेवरून बोट फिरवलं, काही विचारलं नाही आणि परत फोन केला नाही. पट्ट्या लागल्यावर काही जण त्या पाहूनच दारातून वळले, हेही खरं आहे. एजंट तर म्हणाला, "ताई, बघायला माणसं येतील तेवढ्यापुरत्या काढून ठेवा." मी काढल्या नाहीत. जे थांबले त्यांचे प्रश्न मात्र वेगळे होते: कधीपासून, किती, गळती कुठे होती, दुरुस्तीनंतर काय झालं. उत्तरं वहीत होती. ज्यांनी घर घेतलं त्यांनी त्यांचा इंजिनियर आणला. त्याने फुली स्वतः वाचली, व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या मोजपट्टीने) भेग मोजली, आणि वहीतल्या शेवटच्या आकड्याशी ती जुळली. त्यानंतर बोलणं "घर पडेल का" यावरून "मागच्या कोपऱ्याच्या पायाला किती खर्च येईल" यावर आलं.

दोन्ही इंजिनियरांचं मत एकच होतं: फक्त त्या कोपऱ्याचं अंडरपिनिंग. जुन्या पायाखाली साधारण मीटरभर रुंदीचे खड्डे, एकमेकांना लागून न येतील अशा क्रमाने खणायचे, काँक्रीट भरायचं, ते कडक झालं की ते आणि जुना पाया यांच्यामधली फट घट्ट सिमेंटच्या मसाल्याने ठासून भरायची आणि मगच पुढचा खड्डा. एकदम सगळं खणलं तर भिंत अधांतरी राहते. दोन ठेकेदारांची अंदाजपत्रकं घेतली आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा केली. काम आम्ही करून द्यावं असं दादाला वाटत होतं. पण ज्याला त्या घरात राहायचंय त्याने ठेकेदार निवडावा आणि कामाची हमी त्याच्याच नावावर असावी, हे मला जास्त योग्य वाटलं. त्यांच्या बँकेच्या मूल्यांकनकाराने अहवाल आणि नोंदी दोन्ही मागितल्या. पैसे कमी मिळाले. पण ज्या किमतीला व्यवहार ठरला त्याच किमतीला झाला, शेवटच्या आठवड्यात कोणी घासाघीस केली नाही.

वस्तूतल्या उणिवाही सांगते. मिलिमीटरच्या खालचा आकडा अंदाजानेच वाचावा लागतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे बसवून व्हर्नियरने मोजलं तर एक दशांश मिलिमीटरपर्यंत कळतं, मी एका भेगेवर दोन्ही करायला हवं होतं. भिंतींच्या आतल्या कोपऱ्यात सपाट पट्टी बसत नाही, तिथे काटकोनी प्रकार घ्यावा लागतो. आणि भेग आठवड्याआठवड्याला दिसेल इतकी वाढत असेल, बीम किंवा कॉलम तडकला असेल, तर वर्षभर नोंदी ठेवत बसू नका, इंजिनियरला त्याच दिवशी बोलवा.

ताबा देताना नव्या मालकांनी पट्ट्या तशाच ठेवायला सांगितल्या, अंडरपिनिंग झाल्यावरही त्यांना मोजायचं होतं. वहीही त्यांना दिली. माझ्याकडे फोटो आहेत.

तीनऐवजी चार घेतल्या असत्या तर बरं झालं असतं. चौथी न खचलेल्या बाजूच्या एखाद्या केसाएवढ्या भेगेवर लावायची. तिथली हालचाल ही फक्त ऊन आणि ओलीची, आणि खचलेल्या बाजूच्या आकड्यातून ती वजा करता येते. मला हे दहाव्या महिन्यात सुचलं.